शस्त्रक्रियेला संमती देण्यापूर्वी

हिंगणघाटसारख्या गावात घरातल्या एखाद्या कर्त्या माणसाला डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली, म्हणजे त्या घरी जी खलबते सुरू होतात त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. कोणी सोयरा नागपूरच्या एखाद्या नामांकित सर्जनचे नाव सुचवितो, कोणी आपल्या शेजाऱ्याला त्याच ऑपरेशनाने कसा पूर्ण गुण आला ते सांगतो, तर कोणी तशाच ऑपरेशनानंतर महिन्याभरात दगावलेल्या इसमाची हकीकत ऐकवितो. आणि या परस्परविरोधी साक्षींच्या कलकलाटात, ज्याच्या देहावर शस्त्र चालावयाचे तो रुग्ण अखेर "डॉक्टरसाहेब म्हणतील ते खरे" असे म्हणून संमतिपत्रावर सही किंवा अंगठा करून मोकळा होतो. डॉक्टरांवरील हा विश्वास मोलाचा आहे, आणि तो ढळावा असा या लेखाचा हेतू मुळीच नाही. परंतु ज्या शस्त्रक्रियेस आपण संमती देतो तिच्यापासून किती जणांना, कोणता आणि किती काळ टिकणारा लाभ झाला, याचे ज्ञान अनेक शस्त्रक्रियांच्या बाबतीत आज उपलब्ध आहे. ते आपल्यासारख्याच सामान्य रुग्णांच्या सहकार्याने मिळालेले आहे. आणि ते मागण्याचा अधिकार शाळेची पायरी न चढलेल्या कास्तकारालाही आहे. ते कसे मागावे आणि मिळाल्यावर कसे पारखावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, "अमक्याला गुण आला" ही साक्ष खरी असूनही पुरेशी नसते. कित्येक दुखणी काळाच्या ओघात आपोआप कमी होतात. शस्त्रक्रियेसाठी निवडलेले रुग्ण पुष्कळदा मुळातच इतरांहून धडधाकट असतात. आणि एवढे दिव्य पार पडल्यावर आता आपल्याला बरे वाटते आहे ही भावना स्वाभाविकपणेच बळावते. हा केवळ तर्क नव्हे. गुडघ्याच्या झिजेवर दुर्बिणीतून सांधा धुण्याची आणि खरवडण्याची शस्त्रक्रिया सर्रास होत असता, अमेरिकेतील ह्यूस्टन येथील संशोधकांनी १८० रुग्णांचे तीन गट पाडले. एका गटाचा सांधा धुतला, दुसऱ्याचा खरवडला, आणि तिसऱ्या गटाच्या गुडघ्यावर, त्यांची पूर्वसंमती घेऊन, केवळ कातडीला छेद देऊन टाके घातले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, दोन वर्षांपर्यंत मागोवा घेऊनही, खरी शस्त्रक्रिया झालेल्यांची वेदना वा चालणेफिरणे नुसते छेद घेतलेल्यांपेक्षा सरस असल्याचे आढळले नाही. नुसत्या छेदाने बरे वाटलेल्या त्या रुग्णांची साक्ष खोटी नव्हती. मात्र तिच्या आधारे शस्त्रक्रियेची उपयुक्तता सिद्ध होत नव्हती.

म्हणूनच दोन उपचारांपैकी अधिक हितकर कोणता, या प्रश्नाचा फैसला करावयाचा झाल्यास, सारख्या अवस्थेतील पुष्कळ रुग्ण घेऊन, कोणास कोणता उपचार मिळावा हे डॉक्टरांच्या वा रुग्णांच्या पसंतीवर न सोपविता चिठ्ठी उचलल्याप्रमाणे ठरवून, नंतर दोन्ही गटांतील प्रत्येकाची नोंद ठरावीक मुदतीपर्यंत ठेवणे हाच सर्वांत भरवशाचा मार्ग होय. असे केल्याने वय, प्रकृती, सांपत्तिक स्थिती यांचे भेद दोन्ही बाजूंस जवळजवळ समान वाटले जातात, आणि शेवटी जो फरक उरतो तो बहुतांशी उपचाराचाच असतो.

विदर्भातील वाचकाला याचे सर्वांत निकटचे उदाहरण तोंडाच्या कर्करोगाचे आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून पन्नीत बांधलेला खर्रा आपल्याकडे जिनिंगच्या आवारात, बसस्थानकावर, वेचणीच्या वेळी बांधावर आणि कचेरीच्या पायरीवरही सारख्याच सहजतेने चघळला जातो, आणि पाहुण्यापुढे तो आदराने धरला जातो. त्याचा परिणाम हळूहळू दिसू लागतो: तिखट सोसवेनासे होते, गालाचे आतील अस्तर ताठर होऊन तोंड पुरते उघडत नाही, पांढरा किंवा लाल चट्टा उमटतो, आणि एखादा व्रण दोन-तीन आठवडे लोटले तरी भरून येत नाही. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात शिरत नसतील, किंवा असा चट्टा वा व्रण दिसत असेल, तर मलमांवर आणि घरगुती उपायांवर महिने न दवडता तत्काळ तपासणी करून घ्यावी. कारण पुढे ज्या शस्त्रक्रियेचा विचार करावयाचा आहे तिचे यश, रोग किती लवकर हाती लागला यावरच पुष्कळ अवलंबून असते.

समजा, रोग लवकर हाती लागला; अर्बुद लहान आहे आणि मानेत हाताला गाठ लागत नाही. तोंडातील अर्बुद काढावयाचे हे निर्विवाद. परंतु मानेतील लसिकाग्रंथी त्याच वेळी काढाव्यात, की पुढे गाठ आली तरच मानेची शस्त्रक्रिया करावी, यावर सर्जनांत कित्येक दशके मतभेद होता. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, रोगाच्या सूक्ष्म पेशी ग्रंथींत आधीच पोहोचलेल्या असू शकतात आणि गाठ हाताला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. दुसरा पक्ष म्हणे की, बहुसंख्य रुग्णांच्या ग्रंथी निर्दोष असतात. त्यांच्या जबड्याखाली छेद घेऊन मान उघडणे म्हणजे त्यांना विनाकारण जोखमीत घालणे होय. शिवाय या जागेतून खांद्याकडे जाणारा मज्जातंतू दुखावला, तर हात खांद्याच्या वर उचलणे कठीण होते, आणि पाठीवर पोते घेणाऱ्या हमालाच्या किंवा फवारणीचा पंप अडकविणाऱ्या शेतमजुराच्या दृष्टीने हे नुकसान किरकोळ नव्हे. दोन्ही पक्ष विद्वान आणि अनुभवी होते, तरीही केवळ अनुभवाने वाद मिटला नाही.

तो मिटविण्याचे श्रेय मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे जाते. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात अशा ५९६ रुग्णांची नोंदणी करून त्यांची दोन गटांत यदृच्छ विभागणी केली. एका गटाची मान पहिल्याच शस्त्रक्रियेत साफ केली, आणि दुसऱ्या गटावर सक्त लक्ष ठेवून गाठ आली तरच मानेची शस्त्रक्रिया केली. पहिल्या ५०० रुग्णांच्या नोंदींचे विश्लेषण २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, तेव्हा असे दिसले की, तीन वर्षांनंतर पहिल्या गटातील ८० टक्के रुग्ण हयात होते आणि दुसऱ्या गटातील ६७.५ टक्के, आणि रोग न उलटता हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्यात ६९.५ टक्के, तर दुसऱ्यात अवघे ४५.९ टक्के होते. एका भारतीय रुग्णालयाने, ज्यांत तंबाखूचे व्यसन सामान्य आहे अशा आपल्याच लोकांच्या सहकार्याने, जगभरच्या सर्जनांपुढील जुना प्रश्न सोडविला, ही प्रत्येक मराठी माणसाने अभिमानाने स्मरावी अशी गोष्ट आहे.

आता हे आकडे कसे वाचावेत ते पाहू. कारण एकच सत्य दोन तऱ्हांनी सांगता येते. "मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी घटला" असे या अभ्यासाविषयी म्हटले तर ते खरे आहे. आणि "शंभर रुग्णांमागे तीन वर्षांनी सुमारे बारा-तेरा अधिक जण हयात राहिले" हेही तितकेच खरे आहे. पहिल्या वाक्याने मन भारावते. दुसऱ्याने समजूत पटते. दुसऱ्या हिशेबाने पाहता, मान प्रथमच साफ केलेल्या दर आठ रुग्णांमागे एक जीव तीन वर्षांच्या टप्प्यावर वाचलेला दिसतो. उरलेल्यांपैकी बहुतेक तसेही हयात असते, आणि काही शस्त्रक्रिया होऊनही वाचले नाहीत. लाभाबरोबर किंमतही विचारावी: शस्त्रक्रियेतील उपद्रव पहिल्या गटात ६.६ टक्के आणि दुसऱ्यात ३.६ टक्के होते. आणि हेही विचारावे की, अभ्यासातील रुग्ण आपल्यासारखे होते काय? या अभ्यासातील बहुतेकांचा रोग जिभेवरचा होता, आपला गालातला असेल, किंवा व्रण अगदी उथळ असेल, तर "माझ्या बाबतीत हा निष्कर्ष कितपत लागू पडतो?" हा प्रश्न सर्जनला अवश्य करावा. जाणता सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. उलट अशा रुग्णाला तो अधिक मोकळेपणाने खुलासा करतो.

संशोधन म्हणजे महागडी यंत्रे आणि परदेशी उपचार, असाही एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो दूर करण्यास धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर या ग्रामीण सर्जनांचे उदाहरण पुरेसे आहे. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या भिंतीला आधार म्हणून जी कृत्रिम जाळी बसवितात तिची किंमत गरीब रुग्णाच्या आवाक्याबाहेरची असे. तेव्हा विशिष्ट प्रतीच्या मच्छरदाणीचे कापड विधिपूर्वक निर्जंतुक करून वापरण्याचा प्रयोग त्यांनी आणि इतर ग्रामीण सर्जनांनी केला आणि त्याचे परिणाम २००३ साली शल्यचिकित्सेच्या भारतीय नियतकालिकात मांडले. एवढ्याने शंका फिटत नव्हती, कारण महागड्या जाळीशी समोरासमोर तुलना झालेली नव्हती. ती तुलना पुढे आफ्रिकेतील युगांडा देशात ३०२ पुरुषांवर झाली. एका जाळीची किंमत सुमारे एक डॉलर, दुसरीची सव्वाशे डॉलर. आणि २०१६ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार वर्षभरानंतर हर्निया उलटण्याच्या किंवा अन्य उपद्रवांच्या प्रमाणात दोहोंत लक्षणीय अंतर आढळले नाही. बाजारातली कोणतीही मच्छरदाणी कापून शरीरात बसविता येते असा याचा अर्थ कोणी करू नये, अर्थ एवढाच की, महाग साहित्याची शिफारस झाल्यास, "याने परिणाम अधिक चांगला होतो, असे तुलनेने सिद्ध झाले आहे काय?" असे विचारण्यात कोणताही कमीपणा नाही.

या विवेचनाचा व्यवहारात उपयोग व्हावा म्हणून, शस्त्रक्रिया सांगितली गेल्यावर जे प्रश्न कागदावर उतरवून सोबत न्यावेत ते असे. पहिला: माझ्या रोगाचे नाव आणि टप्पा कोणता, आणि तो कोणत्या तपासणीवरून ठरला? दुसरा: शस्त्रक्रिया केली नाही, किंवा काही काळ थांबलो, तर काय होईल? हा प्रश्न घाईत विसरला जातो, आणि त्याची मोठी किंमत स्त्रियांना मोजावी लागते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याच्या तक्रारींवरून २०१९ साली राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, हे विसरता कामा नये. तिसरा: औषध, व्यायाम किंवा लहान शस्त्रक्रिया असा दुसरा मार्ग आहे काय, आणि दोहोंची तुलना झालेली आहे काय? चौथा: माझ्या वयाच्या आणि प्रकृतीच्या शंभर रुग्णांपैकी किती जण वर्षाने आणि पाच वर्षांनी बरे असतात, किती जणांचा रोग उलटतो, आणि किती जण शस्त्रक्रियेतच किंवा लगेच नंतर दगावतात? पाचवा: मी पुन्हा गिळू, बोलू, चालू, ओझे उचलू केव्हा शकेन? जीव वाचणे हा परिणाम सर्वांत मोठा खरा. पण पोटासाठी राबणाऱ्या माणसाला कामावर परतणे हाही परिणामच आहे. सहावा: ही शस्त्रक्रिया येथे वर्षाकाठी किती होतात, आणि भूलतज्ज्ञ, रक्त व अतिदक्षता यांची तजवीज काय आहे?

या शेवटच्या प्रश्नाला आधार आहे, कारण रुग्णालयाची तयारी आणि शिस्त यांवरही शस्त्रक्रियेचा परिणाम अवलंबून असतो. भूल देण्यापूर्वी, छेद देण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी मोठ्याने वाचून रुजू करावयाची जी तपासयादी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केली, ती नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत अंमलात आणल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि मोठ्या उपद्रवांचे ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले, असे २००९ साली नमूद झाले. ही तुलना यादी येण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या काळाची असल्याने तिचे प्रामाण्य चिठ्ठीने पाडलेल्या गटांच्या तुलनेइतके नाही, हेही ध्यानात असावे. तितके प्रामाण्य असलेला दाखला पोटाच्या शस्त्रक्रियांचा आहे: भारतासह सात देशांतील १३ हजारांहून अधिक रुग्णांवरील २०२२ च्या अभ्यासात, जखम शिवण्यापूर्वी हातमोजे आणि उपकरणे बदलल्याने जखम चिघळण्याचे प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर उतरले. लहान वाटणारी शिस्त किती मोलाची असते ते यावरून कळते.

संमतिपत्राविषयी दोन शब्द. छापील मजकुरावर डोळे मिटून सही करू नये. तो मराठीत वाचून दाखविण्यास सांगावे, आणि त्यात शस्त्रक्रियेचे नेमके नाव लिहिलेले आहे याची खातरजमा करावी. केवळ तपासणीसाठी दिलेली संमती ही, जिवावरचा प्रसंग नसताना, एखादा अवयव काढून टाकण्यास दिलेली संमती ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे. वेळ असेल तेव्हा दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे, आणि त्याकरिता बायोप्सीचा अहवाल, फोटो आणि केसपेपर यांच्या नकला स्वतःजवळ बाळगाव्यात.

कधी असेही होते की, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात डॉक्टर एखाद्या संशोधनात सहभागी होण्याविषयी विचारतात, आणि "आमच्या माणसावर प्रयोग करता काय?" या शंकेने घरचे लोक दचकतात. ही भीती समजण्यासारखी आहे. पण तिचे निराकरणही आहे. संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आहे काय, अभ्यासाची नोंद २००७ पासून चालू असलेल्या भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीत झाली आहे काय, अभ्यासामुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई कोण देणार, आणि नेहमीच्या उपचारापेक्षा कोणती गोष्ट वेगळी होणार, हे स्पष्ट विचारून घ्यावे. नकार देण्याचा, किंवा होकार देऊन मध्येच बाहेर पडण्याचा पूर्ण अधिकार रुग्णाला आहे, आणि त्यामुळे त्याच्या उपचारात तसूभरही उणीव येता कामा नये. एवढी रुजवात झाल्यावर सहभागी होण्यात हित असू शकते, कारण अशा अभ्यासांत देखरेख बहुधा काटेकोर असते. ५९६ अनोळखी माणसांनी विचारपूर्वक होकार दिला म्हणूनच आज आपल्या जिल्ह्यातील रुग्णाला मानेविषयीचा सल्ला अंदाजाने नव्हे, तर पुराव्याने मिळतो.

आणि आता, ज्याची सर्वांत अधिक हेळसांड होते ती गोष्ट: फेरतपासणी. टाके निघाले, घास गिळता येऊ लागला, सोंगणीचे दिवस आले, की बसभाडे आणि बुडणारी मजुरी यांचा विचार करून रुग्ण पुन्हा दवाखान्याकडे फिरकत नाही. यात त्याचे स्वतःचे नुकसान आहे, कारण रोग उलटतो तो पुष्कळदा पहिल्या दोन वर्षांतच, आणि लवकर दिसला तर उपाय उरतो. आणि यात ज्ञानाचेही नुकसान आहे. हिंगणघाटच्या बाजारात कापसाच्या गाडीचा भाव केवळ वरचा पुंजका पाहून कोणी ठरवीत नाही, आत हात घालून पाहतो. तसेच जे रुग्ण परत आले तेवढ्यांच्याच हकीकतीवरून शस्त्रक्रियेचे मोल ठरविले तर ते फसवे ठरते, कारण न आलेल्यांत बरे झालेले किती आणि दगावलेले किती हे कोणासच कळत नाही. म्हणून डिस्चार्ज कार्डावरील तारीख घरातील दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवावी, मोबाइलचा क्रमांक बदलल्यास रुग्णालयात कळवावे, आणि दुर्दैवाने रुग्ण दगावला तरी विचारणा झाल्यास घरच्यांनी ती माहिती द्यावी.

आपल्या भागात यासाठी सोयी नाहीत असे नाही. प्रथम तपासणीसाठी हिंगणघाटात उपजिल्हा रुग्णालय आहे, डॉ. सुशीला नायर यांच्या प्रयत्नांनी १९६९ साली सेवाग्रामला उभी राहिलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि तिचे कस्तुरबा रुग्णालय जवळच आहे, आणि वर्धा जिल्ह्यातील कर्करोगाची नोंदवहीही तीच संस्था ठेवते. सावंगीचे वैद्यकीय महाविद्यालय आणि नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयही एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहेत. खर्चाच्या भीतीने शस्त्रक्रिया लांबणीवर टाकण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून, प्रतिकुटुंब प्रतिवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते काय, याची चौकशी करावी. शस्त्रक्रियेची तारीख ठरताच बिडी आणि खर्रा त्याच दिवशी सोडावा. धूम्रपान चार आठवडे आधी थांबविल्यास जखमेचे आणि फुप्फुसाचे उपद्रव कमी होतात, हे सिद्ध झालेले आहे, आणि तोंडाच्या रोगानंतर पुन्हा खर्रा धरणे म्हणजे सर्जनच्या सर्व श्रमांवर पाणी ओतणे होय.

डॉक्टरांपुढे प्रश्न घेऊन बसणारा रुग्ण त्यांचा अवमान करीत नसतो. आपल्या देहाविषयीच्या निर्णयात तो आपला वाटा उचलीत असतो. तेव्हा कागदावर हे सहा प्रश्न लिहावेत, सोबत घरातील एक विचारी माणूस न्यावा, उत्तरे समजली नाहीत तर पुन्हा विचारावीत, आणि समजल्यावरच सही करावी.